क्रुगर राष्ट्रीय उद्यान: स्वतः गाडी चालवत फिरावे की मार्गदर्शकाबरोबर?

वैनगंगा
नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई असे आम्ही चौघे दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जाण्याचा विचार करतो आहोत. आम्ही नागपूरचे, त्यामुळे ताडोबा आणि पेंच अंगवळणी पडलेले आहेत. पहाटे अंधारात फाटकावर रांग लावायची, नेमून दिलेल्या जिप्सीत आणि नेमून दिलेल्या गाइडबरोबर बसायचे, आणि वेळ संपत आली की चालकाने धुरळा उडवत गाडी परत पिटाळायची, एवढेच जंगल आम्हांला माहीत आहे. क्रुगरमध्ये म्हणे कोणीही साधी भाड्याची गाडी घेऊन आत शिरू शकतो आणि दिवसभर हवे तिथे थांबू शकतो. हे ऐकायला फार छान वाटते, पण नवख्या माणसाने करावे का? शिवाय दिवसभर गाडीत बसण्यापलीकडे, म्हणजे पायी किंवा सायकलीने, काही करता येते का?

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला चालणे जमणार नाही. तिची अट एकच आहे: "मला सिंहबिंह नको, पण हत्ती निवांत बघायचा आहे, पळत्या गाडीतून नाही."

सह्यकडा
ऑगस्टमध्ये एवढा खर्च करून आफ्रिकेत जाणार असाल तर सरळ केनियातल्या मसाई मारात जावे, असे माझे मत आहे. वाइल्डबीस्टांचे कळप त्या सुमारास मारा नदी ओलांडत असतात, आणि मोकळ्या गवताळ मैदानात प्राणी शोधावा लागत नाही. क्रुगरमध्ये झुडपे फार आहेत, अर्धा वेळ पानेच बघण्यात जातो.

जॅकरँडा
वैनगंगाताई, मी बरीच वर्षे प्रिटोरियात राहतो आणि वर्षातून एकदा तरी क्रुगरला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट आकाराची. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही ते मोठे भरते. दक्षिणोत्तर लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे चार दिवसांत "क्रुगर बघून टाकू" असे म्हणणारे लोक रस्ताच बघून परत येतात. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे, पण प्रत्यक्षात पंचवीस-तीसच्या वर जाणाऱ्याला काही दिसत नाही. स्कुकुझा आणि लोअर सबी हे उद्यानातले दोन मुक्काम, म्हणजे राहण्याचे तळ; त्यांच्यातले अंतर जेमतेम ४६ किलोमीटर आहे, आणि ते कापायला आम्हांला एकदा साडेपाच तास लागले होते. रस्ता नदीकाठाने जातो, मग घाई कशाला करायची?

दुसरी गोष्ट गाडी चालवण्याची. इथे वाहने भारतासारखी डावीकडूनच चालतात, खूण म्हणून दगडांवर दिशा आणि अंतरे लिहिलेली असतात, आणि नकाशा मुक्कामाच्या दुकानात मिळतो. आपला इंग्रजीतला परवाना चालतो, तरी गाडी भाड्याने देणारे मागतात म्हणून आंतरराष्ट्रीय परवानाही जवळ असावा. लहान गाडीपेक्षा थोडी उंच गाडी घ्या, कारण हिवाळ्यात गवत सुकलेले असले तरी ते खिडकीच्या उंचीइतके असते. जोहान्सबर्गहून निघून दुपारपर्यंत फाटकावर पोहोचा, रात्रीचा प्रवास टाळा. ऑगस्टमध्ये फाटके सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी सहाला बंद होतात. उशीर झाला तर दंड होतो आणि "रस्त्यात हत्ती होता" ही सबब तिथल्या लोकांनी हजारदा ऐकलेली आहे.

मुंगूस
"रस्त्यात हत्ती होता" ही सबब मी पुण्यात कार्यालयात एकदा वापरून पाहिली. तो गणपतीच्या मिरवणुकीतला होता आणि खरा होता, तरी पगार कापला गेला.

हिशेबनीस
खर्चाचे कोणीतरी बोलायला हवे. परदेशी पाहुण्यांकडून उद्यान माणशी आणि प्रतिदिन शुल्क घेते, आणि ती रक्कम आता पाचशे रँडच्या पुढे गेलेली आहे. चौघांचे सहा-सात दिवस म्हणजे हा आकडा राहण्याच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो. जास्त दिवस राहणार असाल तर 'वाइल्ड कार्ड' नावाचे वार्षिक सदस्यत्व स्वस्त पडते का, ते आधी मांडून बघा. आमच्या बाबतीत आठव्या दिवशी ते फायद्यात आले. राहण्याची व्यवस्था मात्र मारापेक्षा पुष्कळ परवडते, कारण उद्यानाच्याच गवती छपराच्या गोल खोल्या असतात आणि त्यांना स्वयंपाकाची सोय असते. आरक्षण सुमारे अकरा महिने आधी खुले होते, तेव्हा ऑगस्टसाठी आजच बसा.

उंटावरचा
मी गेलो होतो आणि मला ते फारसे भावले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. गाडीतून उतरायचे नाही, खिडकीबाहेर अंग काढायचे नाही, पायवाटेवर पाऊल टाकायचे नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या पेटीत बसून मी प्राण्यांना बघत होतो की प्राणी मला, हा प्रश्न तिसऱ्या दिवशी पडला. साताराच्या पूर्वेला एस-१०० नावाचा प्रसिद्ध कच्चा रस्ता आहे. (हो, तिथल्या एका मुक्कामाचे नाव खरोखरच 'सातारा' आहे, आमच्या साताऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.) तिथे एक सिंहीण झोपलेली होती आणि तिच्यासमोर वीसेक गाड्या एकमेकींना अडवून उभ्या होत्या. ताडोब्यात माझ्यावर जो प्रसंग येतो तोच विमानाचे भाडे भरून पुन्हा अनुभवला.

पाउलवाट
उंटावरचा, तुमची तक्रार खरी आहे, परंतु तिचे उत्तर त्याच उद्यानात आहे. तुम्ही ते घेतले नाहीत.

बहुतेक मोठ्या मुक्कामांहून पहाटे पायी फेरी निघते. आठ माणसांपर्यंतचा गट असतो, दोन बंदूकधारी मार्गदर्शक पुढे असतात आणि बाकीच्यांनी एकामागे एक, न बोलता चालायचे असते. तीनेक तासांत आम्हांला मोठे जनावर म्हणाल तर दूरवर एक जिराफ दिसला. मात्र वाळवीचे वारूळ हातभर अंतरावरून बघितले, गेंड्याने ठरावीक जागी टाकलेल्या शेणाचा ढीग वाचायला शिकलो, आणि हत्तीने सोललेल्या सालीला हात लावला. वाऱ्याची दिशा बघायला मार्गदर्शक राखेची लहानशी पुरचुंडी झटकत होता. गाडीत बसलेल्या माणसाला वारा कुठून येतो याच्याशी काही देणेघेणे नसते, पायी चालणाऱ्याला तोच सगळ्यांत महत्त्वाचा असतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे तीन रात्रींच्या पदभ्रमण वाटा. त्यांतली पहिली १९७८ साली सुरू झाली आणि तिला हॅरी वोल्हटर या वनरक्षकाचे नाव आहे. हे गृहस्थ १९०३ मध्ये संध्याकाळी घोड्यावरून एकटेच चालले असता सिंहाने त्यांना खाली पाडले आणि खांदा तोंडात धरून फरफटत नेले. त्यांनी डाव्या हाताने कमरेचा सुरा काढून सिंहाला भोसकले, मग झाडावर चढून स्वतःला फांदीला बांधून घेतले, आणि दुसरा सिंह आला तेव्हा त्यांच्या कुत्र्याने त्याला भुंकून अडवून धरले. तो सुरा आणि त्या सिंहाचे कातडे स्कुकुझाच्या ग्रंथालयात ठेवलेले आहे. वाटेवर निघण्याच्या आदल्या दिवशी मी ते बघितले, आणि ते परत आल्यावर बघायला हवे होते असे रात्रभर वाटत राहिले.

वैनगंगा, तुमच्या मुलीला पायी फेरीत नेता येईल, कारण किमान वय बारा आहे. वयाची वरची मर्यादाही सांगितली जाते, तेव्हा पासष्टीच्या पुढे असल्यास आधी विचारून घ्यावे. आईंचे गुडघे बघता तो प्रश्न येणार नाही.

उंटावरचा
पाउलवाट, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. आमच्या सहलीच्या आयोजकाने पायी फेरीचा उल्लेखही केला नव्हता. वीस गाड्यांच्या गर्दीविषयीचे माझे मत मात्र मी मागे घेत नाही.

तांबट
त्या गर्दीवर उपाय आहे आणि तो म्हणजे पक्षी बघणे. पक्ष्यासाठी थांबलेल्या गाडीमागे कोणी थांबत नाही. मागून येणारे विचारतात, "काय आहे?" आपण म्हणायचे, "पक्षी," आणि काच वर करून ते निघून जातात.

पाचशेच्या वर जाती तिथे नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या नीलपंखाचा जांभळ्या छातीचा भाऊबंद तर प्रत्येक वाळक्या फांदीवर बसलेला असतो. जमिनीवरून टर्कीसारखा चालत जाणारा काळा-लाल धनेश पहिल्यांदा दिसला तेव्हा आपल्या ओळखीच्या कुळातला हा पक्षी असेल यावर विश्वास बसला नाही. स्कुकुझाजवळ लेक पॅनिक नावाच्या तळ्यावर लाकडी आडोसा बांधलेला आहे. गाडीतून उतरून तिथे बाकावर बसता येते आणि समोर पाणघोडे, मगरी, खंड्या असा सगळा दरबार भरलेला असतो. लोअर सबीजवळचे सनसेट डॅम हे तळे तर रस्त्याला इतके लागून आहे की तिथे गाडीचे इंजिन बंद करून दोन तास बसणे हेच आमचे रोजचे काम झाले होते. आईंना असे ठिकाण आवडेल.

आणखी एक: रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या तोंडाकडे नजर ठेवा. सिमेंटच्या नळ्यांत तरसांची पिल्ले वाढतात आणि सकाळी उन्हाला बाहेर येऊन बसतात. तरसाला आपण फार बदनाम केले आहे. पिल्लू बघितल्यावर माझ्या बायकोने ते मागे घेतले.

साधी_गोळी
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून दोन गोष्टी लिहितो. क्रुगर हा मलेरियाचा प्रदेश आहे. ऑगस्टच्या कोरड्या थंडीत धोका कमी असतो, पण तो शून्य नसतो. तेव्हा गोळ्या घ्यायच्या का, हे विशेषतः आईंच्या इतर औषधांचा विचार करून तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुसरी गोष्ट पीतज्वराची. दक्षिण आफ्रिकेत हा आजार नाही, परंतु तुम्ही नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल आणि तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर जोहान्सबर्गला लसीचे प्रमाणपत्र मागतात. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. सह्यकडा यांचे ऐकून मारा आणि क्रुगर असे दोन्ही जोडणार असाल तर लस घ्यावीच लागेल. आणि स्वेटर न्या. पहाटेच्या थंडीत उघड्या सफारी गाडीतून निघालेली नागपूरची माणसे मी गोधडी शोधताना बघितली आहेत.

जुनी_पेटी
या धाग्यामुळे एक जुनी आठवण जागी झाली. वर्णभेदी राजवटीच्या काळात भारताने दक्षिण आफ्रिकेशी संबंध तोडलेले होते, आणि माझ्या पहिल्या पासपोर्टवर हा पासपोर्ट त्या देशासाठी वैध नाही असे चक्क छापलेले होते. त्यामुळे तिथल्या जंगलात जाण्याचा विचार मनात येण्याचे कारणच नव्हते. पुढे निवृत्तीनंतर मुलाकडे गेलो असता क्रुगरला गेलो. ऑलिफंट्स नदीच्या काठी बालुले नावाचा छोटा मुक्काम आहे, तिथल्या झोपड्यांत अजूनही वीज नाही. मुलाने सांगितले की एके काळी गोऱ्यांखेरीज इतरांना उद्यानात रात्री राहण्यासाठी एवढीच एक जागा होती. मी त्या झोपडीबाहेर कंदिलाच्या उजेडात बसलो होतो आणि कुंपणापलीकडे तरस येरझाऱ्या घालत होते. मला ती जागा स्कुकुझाच्या उपाहारगृहापेक्षा जास्त लक्षात राहिली.

जॅकरँडा
काका, बालुलेविषयी लिहिलेत हे फार चांगले झाले. 'स्कुकुझा' या नावाचाही इतिहास असाच आहे. पहिले प्रमुख अधिकारी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९०२ मध्ये आले आणि त्यांनी संरक्षित क्षेत्रात राहणाऱ्या लोकांना बाहेर काढले. स्थानिकांनी त्यांना 'स्कुकुझा' म्हणायला सुरुवात केली, त्याचा अर्थ झाडून साफ करणारा, उलथापालथ करणारा असा सांगतात. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि सर्वांत मोठ्या मुक्कामाला तेच नाव मिळाले. गौरव म्हणून मिळाले असे मानतात, पण ज्यांना झाडून काढले त्यांनी ते कोणत्या सुरात म्हटले असेल हे तुम्हीच ठरवा.

उत्तर टोकाला, लुवुवू आणि लिंपोपो या नद्यांच्या बेचक्यात, माकुलेके लोकांची जमीन होती. १९६९ मध्ये त्यांना तिथून हलवण्यात आले. लोकशाही आल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली. तिथे पुन्हा वस्ती किंवा शेती न करता ती उद्यानातच ठेवायची आणि पर्यटनाचे उत्पन्न समाजाने घ्यायचे, असा करार झाला. वेळ असेल तर त्या भागात जरूर जा. प्राणी तुलनेने कमी दिसतात, पण पिवळसर खोडांच्या बाभळींचे ते रान मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

मोहफूल
आमच्याकडे मेळघाटातून आणि ताडोब्याच्या गाभा क्षेत्रातून गावे उठली, त्यांना असा भागीदारीचा करार मिळाला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आला. मालकी परत देऊनही जंगल टिकते, एवढे तरी माकुलेकेंनी दाखवून दिले आहे. असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

मूळ प्रश्नाकडे येते. आम्ही स्वतः गाडी चालवली आणि एकदा चांगलेच घाबरलो. ते लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळे जण फक्त मजाच सांगत आहेत. कच्च्या रस्त्यावर वळणापलीकडे एक नर हत्ती समोरून चालत येत होता. त्याच्या डोळ्यामागून काळसर ओघळ उतरलेला होता आणि मागचे पाय लघवीने ओले झालेले होते. माजावर आलेला हत्ती म्हणजे काय हे मला शब्दाने माहीत होते, चेहऱ्याने माहीत नव्हते. तो थांबेना आणि बाजूलाही होईना. नवऱ्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली, तर मागे दुसरी गाडी उभी, आणि तिचा चालक छायाचित्र काढण्यात गुंग. शेवटी आम्ही दोन्ही गाड्या मिळून निदान अर्धा किलोमीटर उलट्या चाललो, तेव्हा महाराज झाडीत वळले. तेव्हापासूनचा आमचा नियम असा की हत्ती दिसला की आधी मागचा रस्ता मोकळा आहे का ते बघायचे, मग कॅमेरा काढायचा. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये गाडी कधीही घालू नये.

मुंगूस
मोहफूल, तुम्ही उलट्या गाडीने अर्धा किलोमीटर गेलात, इकडे आमच्या सोसायटीत ज्यांना गाडी सरळ लावता येत नाही त्यांनी काय करावे?

मोहफूल
त्यांनी उद्यानाच्या गाडीतून जावे! हे खरे तर गमतीत म्हणत नाही. पहाटेच्या आणि सूर्यास्ताच्या फेऱ्या उद्यानाचे मार्गदर्शक मोठ्या गाडीतून नेतात. फाटके बंद झाल्यावर बाहेर असण्याचा अधिकार फक्त त्यांनाच असतो, त्यामुळे रात्रीचे प्राणी बघायचे तर तोच मार्ग आहे. दिवसा स्वतः फिरावे आणि एक-दोन संध्याकाळी त्यांच्याबरोबर जावे, हे मिश्रण आम्हांला उत्तम जमले.

सह्यकडा
आणि खाजगी अभयारण्ये? उद्यानाच्या पश्चिमेला लागून असलेल्या साबी सँडमध्ये बिबट्या हमखास दिसतो, असे ऐकून आहे.

हिशेबनीस
बिबट्या दिसण्याची शक्यता तिथे खरोखर जास्त आहे. मधले कुंपण १९९३ मध्ये काढले गेले, त्यामुळे प्राणी तेच आहेत, मात्र तिथले मार्गदर्शक रस्ता सोडून झाडीत गाडी घालू शकतात. तिथली एक रात्र आणि उद्यानातले आठवडाभराचे राहणे यांचे दर मी शेजारी शेजारी लिहून पाहिले आणि मग वही मिटून ठेवली. आम्हांला बिबट्या दिसला नाही, तर दिसला नाही.

तांबट
प्रत्येक मुक्कामावर एक फळा असतो, त्यावर लोक त्या दिवशी कुठे काय दिसले याच्या रंगीत खुणा लावतात. त्यावर गेंड्याची खूण लावायची नसते, कारण शिकारी टोळ्यांना तेवढी माहिती पुरते. आमच्या मुलाने उत्साहाने गेंड्याची जागा सांगितली, तर काउंटरवरच्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात कारण समजावले. तेव्हापासून तो भ्रमणध्वनीवर टाकलेल्या छायाचित्राचे ठिकाणही पुसून टाकतो.

वैनगंगा
सर्वांचे मनापासून आभार. एवढी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. धागा मोठ्याने वाचून दाखवल्यावर नवरा मोहफूल यांच्या हत्तीपाशी अडला आहे, मुलगी वोल्हटरच्या सुऱ्यापाशी, आणि आई म्हणते, "तुम्ही पायी जा, सायकलीने जा, मी खोलीत बसून काय करू?" तो प्रश्न अजून सुटलेला नाही. सायकलीविषयीही कोणी सांगितले नाही.

पाउलवाट
दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे, मी आधीच लिहायला हवे होते. ऑलिफंट्स या मुक्कामाहून सशस्त्र मार्गदर्शकांबरोबर सायकलफेरी निघते. मुलीच्या वयाला परवानगी आहे का, तेवढे आरक्षणाच्या वेळी विचारा, नाहीतर तिने बाबांबरोबर पायी फेरीला जावे.

आता आईंविषयी. हा मुक्काम नदीकाठच्या उंच कड्यावर आहे. कड्याच्या टोकाला सावलीत बाके मांडलेली आहेत आणि खाली नदीचे पात्र दूरवर उघडे पडलेले दिसते. ऑगस्टमध्ये बाकीचे पाणवठे आटत आलेले असतात, त्यामुळे कळप दुपारी नदीवर उतरतात. दुर्बीण घेऊन बसले की हत्ती पाण्यात शिरताना, पिल्लांना सोंडेने ढकलताना, पलीकडच्या काठावर अंगावर वाळू उडवताना दिसतात. गाडी नाही, इंजिनाचा आवाज नाही, गुडघ्यांना त्रास नाही. आफ्रिकान्स भाषेत 'ऑलिफंट' म्हणजे हत्तीच.

तिथून तीसेक किलोमीटरवर लेटाबाला हत्तींचे संग्रहालय आहे. शावू नावाच्या हत्तीचा ३१७ सेंटीमीटर लांबीचा सुळा तिथे ठेवलेला आहे. त्याच्या शेजारी माणूस उभा राहिला की तो सुळ्यापेक्षा ठेंगणा दिसतो.

वैनगंगा
पाउलवाट, हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने लगेच विचारले की बाकाला पाठ आहे का.

तर आता बेत असा: लोअर सबीला दोन रात्री, साताराला एक, ऑलिफंट्सला तीन. दिवसा आमची गाडी, दोन संध्याकाळी उद्यानाची गाडी, आणि एका सकाळी मी, नवरा आणि मुलगी पायी फेरीला. हिशेबनीसांच्या सल्ल्याप्रमाणे आरक्षणाचे संकेतस्थळ उघडून बसले आहे. ऑलिफंट्सच्या नदीकडच्या खोल्या आधीच गेलेल्या आहेत, पण मागच्या ओळीतली एक मिळते आहे.

जॅकरँडा
मागच्या ओळीतली घ्या, बाके सर्वांसाठी असतात, आणि पाठ आहे की नाही हे पुढच्या महिन्यात जाईन तेव्हा बघून कळवतो. शाकाहारी असाल तर चिंता नको. त्शोक्वानेसारख्या सहलीच्या जागांवर गॅसची मोठी पसरट कढई भाड्याने मिळते. पोहे, शेंगदाणे, हळद घरून न्या, कांदे-बटाटे मुक्कामाच्या दुकानात मिळतात. फक्त कढईकडे पाठ करू नका. माकडे झाडावर बसून कांदा परतण्याची वाट बघत असतात, आणि खोलीच्या व्हरांड्यातला फ्रीज उघडणे तर त्यांच्या डाव्या हाताचा मळ आहे.

मुंगूस
पोहे माकडाने नेले तर निदान त्याला लिंबू कमी आहे का ते विचारून घ्या.